चालू आहे ना?

आमच्या स्टॉपवरचे एक आजोबा रोज सकाळी बसच्या पायरीवर थबकून ड्रायव्हरला विचारतात, "चालू आहे ना?" ड्रायव्हर मान हलवतो. आजोबांना ते पटत नाही. बरोबरच आहे. धूर नाही, धडधड नाही, काचा थडथडत नाहीत. विजेवरची बस जिवंत आहे की नाही, हे बिचाऱ्यांना कळायचं कसं?

डिझेलची बस आपली तब्येत कधी लपवत नसे. गिअर बदलताना कण्हायची, चढावर धापा टाकायची, तापली की वासानेच सांगायची. आवाजावरून रोजचा प्रवासी ओळखायचा, आज वेळेवर पोचणार की लेटमार्क लागणार. बंद पडलीच तर ड्रायव्हर बॉनेट उघडून पाणी ओतणार, कंडक्टर "उतरा, धक्का मारा" म्हणणार. गाडी खोकत सुरू झाली की आम्ही सगळे ती आपणच दुरुस्त केल्याच्या थाटात पुन्हा चढायचो.

गेल्या महिन्यात आमची ही नवी बस सिग्नल सुटला तरी हलेना. आधी कोणाच्या लक्षातच आलं नाही. एसी गप्प झाला तेव्हा कळलं. ड्रायव्हरने मेन स्विच बंद केला, थोडा थांबला, पुन्हा चालू केला. घरी वायफाय रुसलं की मी करतो तोच उपाय! तोवर एक काका बाह्या सरसावून मागे जाऊन उभेही राहिले होते. त्यांना हाक मारावी लागली, "काका, या वर. हिला धक्का चालत नाही."

तसं पाहिलं तर हिच्यात बिघडायला आहेच काय? इंजिन नाही, क्लच नाही. पण मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असली, तरी गाडीला जागं करणारी 24 व्होल्टची छोटी बॅटरी उतरली की एवढं धूड जागचं हलत नाही. शिवाय डिझेल काही मिनिटांत भरता येतं, चार्जिंगला तास लागतात. रात्री डेपोतला चार्जर रुसला, तर सकाळी स्टॉपवर उभ्या माणसाला बस बंद पडली काय आणि आलीच नाही काय, सारखंच.

मुंबईने हे सगळं पूर्वीच पाहिलंय म्हणा. तिथे विजेची ट्राम 1907 साली आली आणि 1964 पर्यंत धावली. ट्रॉलीबसही होती, 1962 ते 1971. पण तेव्हा वीज डोक्यावरच्या तारेतून यायची. दांडा तारेवरून निसटला, तर गाडी का थांबली ते शेंबड्या पोरालाही वर बघून कळायचं. आता सगळं पेटीबंद, आणि पेटीची भाषा लॅपटॉपवाल्यालाच येते.

हल्ली आजोबांनी प्रश्न बदललाय. मान लांब करून ड्रायव्हरसमोरच्या पडद्याकडे बघत विचारतात, "किती टक्के?"

काल ड्रायव्हर म्हणाला, "बहात्तर."

आजोबांनी खिशातून फोन काढून पाहिला. "माझ्यापेक्षा बरी आहे," म्हणाले आणि खिडकीपाशी जाऊन बसले.