तिखट सॉसेजची वही: मर्गेझ, साई उआ आणि गोव्याचे चोरिस

या फेरीत तीन सॉसेज घेतली आहेत: उत्तर आफ्रिकेचं मर्गेझ, थायलंडच्या चियांग माई भागातलं साई उआ आणि गोव्याचे चोरिस. तिन्ही तिखटच, पण तिखट मांसात शिरतं ते वेगवेगळ्या वाटेनं. मर्गेझमध्ये कोरडी पूड आणि थोडा हरिसा (मिरचीची चटणी), साई उआमध्ये ओलं वाटण, चोरिसात विनेगरमध्ये वाटलेला मसाला. मांस किती बारीक करायचं, मळायचं किती आणि कुठलं केसिंग, म्हणजे आतड्याचं आवरण, लावायचं, हे सगळं त्यावर ठरतं. मिरची किती जहाल घ्यायची, हा प्रश्न त्यानंतरचा.

तिन्हींना लागू

मांस आणि चरबी थंडगार हवी. दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे ताटात पसरून फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि कडा ताठ झाल्या, मधे अजून बोट रुतत असलं, की काढायचे. खिमा मशीनची जाळी, पातं आणि आतला स्क्रूही सोबत फ्रीझरमध्ये. मळून होईपर्यंत मिश्रण १० ते १२ अंश सेल्सियसच्या वर जाऊ द्यायचं नाही. कोकणपट्टीतल्या स्वयंपाकघरात तीस-बत्तीस अंशांत हे सोपं नाही, म्हणून एका वेळी किलोभरच करावं.

चरबी कोमट झाली की कापली जात नाही, चेंदली जाते. जाळीतून लाल-पांढरे वेगळे दाणे पडायच्या ऐवजी गुलाबी लगदा येऊ लागला, की ते चेंदणंच. असं सॉसेज तव्यावर टाकलं की सगळी चरबी बाहेर आणि आत उरतो कोरडा भुसा. तसा लगदा दिसताच मशीन थांबवायचं, पात्यावर गुंडाळलेल्या शिरा काढायच्या आणि सगळं परत फ्रीझरमध्ये. मिक्सरच्या भांड्यात खिमा करणं इथे बादच समजा, कारण पातं फिरता फिरता चरबी तापवतं. खाटकाकडचा तयार खिमाही नको. तो बहुधा फार बारीक असतो, आणि घरी आणून धुतला की पाणी धरून बसतो. पुढच्या फऱ्याचे तुकडे आणून घरी फिरवावे. धुवायचेच असतील तर अख्खे तुकडे धुऊन कापडानं टिपून घ्यावे.

मीठ वजनावर, अंदाजानं नाही. ताज्या सॉसेजला मांस-चरबीच्या एकूण वजनाच्या १.६ ते १.८ टक्के. मीठ फक्त चवीला नसतं. ते मांसातली प्रथिनं सुटी करतं आणि मळल्यावर त्यांचाच चिकटपणा खिमा धरून ठेवतो. तळहातावर छोटी वडी थापून हात उलटा करायचा. वडी लटकून राहिली तर मळणं पुरे. भरण्याआधी एक वडी तव्यावर भाजून चाखायची, कारण केसिंगमध्ये गेल्यावर मीठ वाढवता येत नाही.

मिरचीचं म्हणाल तर रंगाला ब्याडगी किंवा काश्मिरी, धारेला लवंगी, मधल्या जागी संकेश्वरी. घरच्या साठवणीच्या तिखटाला तेल किंवा मीठ लावलेलं असलं तर ते इथे चालणार नाही, मिठाचा हिशेब बिघडतो. नुसत्या मिरच्या आणून, देठ काढून, मंद आचेवर जेमतेम गरम करून दळलेल्या बऱ्या.

आणखी एक गोष्ट, जी तिखट सॉसेजलाच लागू आहे: आतला रंग पाहून शिजलं की नाही ते ठरवता येत नाही. मिरचीनं मांस लाल केलेलं असतं आणि शिजल्यावरही ते लालच दिसतं. टोचायचा थर्मामीटर घ्या. डुकराचं असो वा मटणाचं, खिमा केलेल्या मांसाला मध्यभागी ७१ अंश. यात सवलत नाही.

मर्गेझ: पाककृती पक्की

अल्जीरिया, ट्युनिशिया, मोरोक्को ही याची घरं. तिथून ते फ्रान्समध्ये इतकं रुजलं की आता तिथल्या कुठल्याही निखाऱ्यावर दिसतं. डुकराचं मांस यात नसतं, मेंढीचं किंवा गोमांस असतं. आपल्याकडे मटणावर छान जमतं. बोकडाचं घेतलं तर चरबी वेगळी मागून घ्यावी लागते, कारण ते मांस फारच कोरडं.

एक किलोचं माप: पुढच्या फऱ्याचं मटण ७५० ग्रॅम, चरबी २५० ग्रॅम, मीठ १६ ग्रॅम, काश्मिरी मिरची पूड २० ग्रॅम, लवंगी पूड ४ ग्रॅम, भाजलेलं जिरं ६ ग्रॅम, बडीशेप ४ ग्रॅम, धणे ४ ग्रॅम, सुमाक (आंबट फळांची पूड) ५ ग्रॅम, लसूण १५ ग्रॅम, हरिसा ३० ग्रॅम, बर्फाचं पाणी ६० मिली. हरिसा म्हणजे ट्युनिशियाची मिरची-लसूण-जिरं-तेलाची चटणी, २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलेली. बाजारच्या हरिशात मीठ असतंच, म्हणून वरचं मीठ खालच्या मर्यादेवर ठेवलं आहे.

मिरची पूड शेवटी कोरडी भुरभुरली तर ती मिश्रणातलंच पाणी ओढते आणि सॉसेज घट्ट, कोरडं लागतं. म्हणून सगळ्या पुडी आधी त्या ६० मिली पाण्यात कालवून फ्रीजमध्ये दहा मिनिटं फुगू द्यायच्या. मर्गेझ नीट होण्यात अर्धा वाटा या एका पायरीचा आहे.

चरबी कुठली, यावरही बरंच अवलंबून. गुर्द्याभोवतीची चरबी दळायला सोपी, कारण ती कडक असते. पण सॉसेज जरा निवलं की टाळूला मेणासारखी चिकटते. सीन्यावरची चरबी मऊ, खायला चांगली, दळायला मात्र अडेलतट्टू. निम्मी-निम्मी घेतली की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. मर्गेझ काही झालं तरी गरमच खायचं.

५ किंवा ६ मिलिमीटरच्या जाळीतून एकदाच फिरवायचं. केसिंग मेंढीचं, २० ते २२ मिलिमीटर. ते खारवलेलं येतं. अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून एक तोंड नळाला लावायचं आणि आतून पाणी सोडायचं, भोक असेल तर तिथेच कळतं. हे केसिंग कागदासारखं पातळ. गच्च भरलं तर पीळ देताना फाटतं, म्हणून दोन बोटांत दाबल्यावर सहज चेपेल इतकंच भरायचं. बारा-पंधरा सेंटिमीटरवर पीळ द्यायचा, एक उजवीकडे तर पुढचा डावीकडे, म्हणजे आधीचा सुटत नाही. हवेचे फुगे दिसतील तिथे सुईनं टोचा. जाळीवर रात्रभर फ्रीजमध्ये उघडं ठेवलं की साल सुकते आणि भाजताना फाटत नाही.

आच मध्यम, आठ ते दहा मिनिटं. मोठ्या आचेवर बाहेरचं केसिंग आवळतं, आत वाफ धरते आणि सॉसेज शिवणीसारखं उभं उसवतं. काट्यानं भोकं पाडणं हा त्यावर उपाय नाही. रस जातो आणि चरबी निखाऱ्यावर पडून काजळी धरते.

साई उआ: वाटणावर काम चालू

डुकराचा खांदा ७५० ग्रॅम, पोटाकडची चरबी २५० ग्रॅम. वाटणाला सुक्या लाल मिरच्या २० ग्रॅम, लेमनग्रासचा पांढरा बुंधा ५० ग्रॅम, गलांगल (आल्यासारखा थाई कंद) २० ग्रॅम, ओली हळद १५ ग्रॅम, छोटे कांदे ६० ग्रॅम, लसूण ३० ग्रॅम, कोथिंबिरीची मुळं १० ग्रॅम. शिवाय कोळंबीची आंबवलेली पेस्ट १२ ग्रॅम, फिश सॉस १५ मिली आणि वरून मीठ फक्त १० ग्रॅम. पेस्ट आणि सॉस दोन्ही खारट, त्यामुळे एकूण मीठ बरोबर बेताला येतं. मकरूट लिंबाची आठ-दहा पानं, मधली शीर काढून, केसासारखी बारीक चिरून शेवटी.

खरा त्रास लेमनग्रासचा. आपल्या परसातला गवती चहा चालतो, पण पाती नाही. पाती चहातच बऱ्या, सॉसेजमध्ये त्या सुतळीसारख्या दातात येतात. बुंध्याजवळची खालची सात-आठ सेंटिमीटर घ्यायची, बाहेरचे दोन-तीन पदर सोलून टाकायचे, पातळ चकत्या करून मिठाच्या खड्यांबरोबर खलात कुटायच्या. मिक्सरमध्ये धागे तुटत नाहीत, नुसते पिंजले जातात आणि पातं फिरवायला पाणी घालावं लागतं. ते पाणी मग खिम्यात जातं आणि पकड सैल पडते. पाटा-वरवंटा असेल तर प्रश्नच मिटला.

गलांगल मिळालं नाही म्हणून कच्चं आलं घालू नये. आल्यात प्रथिनं तोडणारं द्रव्य असतं. मिश्रण रात्रभर मुरलं की खिमा पिठूळ होतो, कबाबाला कच्ची पपई जास्त लागल्यावर होतो तसा. त्यापेक्षा गलांगल वगळलेलं बरं. कोळंबीच्या पेस्टऐवजी भाजून कुटलेला जवळा घातला तर वास जवळ जातो, आंबवणाची खोली येत नाही, आणि मीठ चार-पाच ग्रॅम वाढवावं लागतं.

जाळी ८ मिलिमीटर, केसिंग डुकराचं ३२ मिलिमीटर. पीळ देऊन तुकडे करायचे नाहीत, लांब सॉसेज भरून चकलीसारखं वेटोळं घालायचं. मंद निखाऱ्यावर नारळाची सोडणं टाकून धूर करत अर्धा-पाऊण तास. ओल्या वाटणामुळे याला वेळ जास्त लागतो, आणि घाई केली तर साल करपते तेव्हा मध्यभाग पन्नास अंशांवरच असतो. जाड चकत्या करून चिकट भाताबरोबर. कुटलेल्या वाटणाची चव ठरली आहे, धाग्यांची तक्रार अजून थोडी आहे. पुढच्या वेळी कुटल्यावर चाळणीतून दाबून पाहायचं.

मधेच: केसिंग नसेल त्यांच्यासाठी

मेक्सिकोचा ताजा चोरिझो सुटाच वापरतात. किलोभर डुकराच्या खिम्याला मीठ १७ ग्रॅम, ब्याडगीची भिजवून वाटलेली पेस्ट ८० ग्रॅम, विनेगर ४० मिली, लसूण, जिरं, ओरेगानो, दोन लवंगा. रात्रभर फ्रीजमध्ये, मग तव्यावर फोडत परतायचा, वर अंडी. विनेगरमुळे तो भुसभुशीत होतो. आंबट पदार्थ प्रथिनांची पकड बसू देत नाही. इथे तेच हवं असतं.

गोव्याचे चोरिस: वाळवण बाकी

आणि म्हणूनच चोरिसात खिमा नसतो. इतक्या विनेगरमध्ये खिमा बांधला जाणारच नाही, त्यामुळे सुरीनं कापलेले एक-दीड सेंटिमीटरचे तुकडे. मांस ७०० ग्रॅम, चरबी ३०० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. हे वाळवायचं असल्यानं ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असलेलं गुलाबी क्युअरिंग मीठ (मांस टिकवायचं मीठ) किलोला २.५ ग्रॅम, दशांश दाखवणाऱ्या काट्यावर मोजून. डोळ्यांनी मोजायची ही वस्तू नव्हे, जास्त झाली तर विषारी. मीठ चोळून, वर वजन ठेवून, एक दिवस फ्रीजमध्ये. सुटलेलं पाणी टाकून द्यायचं.

मसाला: काश्मिरी मिरच्या ५० ग्रॅम, मिरी ८, जिरं ८, दालचिनी ३, लवंग २, हळद ५, लसूण ४०, आलं १० ग्रॅम, साखर एक चमचा, माडाचं विनेगर १२० मिली. पाण्याचा थेंब नको. आलं इथे चालतं, कारण तुकडे मोठे आहेत आणि ते फक्त वरवर लागतं. फेणी घालत असाल तर २० मिली, वाटण झाल्यावर. दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये मुरवून डुकराच्या केसिंगमध्ये दाबून भरायचं आणि दोऱ्यानं चार-चार सेंटिमीटरवर गाठी मारायच्या, जपमाळेसारख्या. दोन तुकड्यांमध्ये हवेची पोकळी राहिली तर तिथे आतून बुरशी येते, म्हणून टोचणं इथे मनापासून करावं.

गोव्यात हे काम पावसाआधीचं. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, सामानात चोरिसाच्या माळाही भरून ठेवतात. कडक उन्हात वाळवून मग चुलीवरच्या धुरात टांगतात. फ्लॅटमध्ये ना ते ऊन ना ती चूल, आणि जूनमध्ये बाल्कनीत टांगणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. सध्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये जाळीवर ठेवून रोज उलटणं चालू आहे. प्रत्येक माळेला सुरुवातीच्या वजनाची चिठ्ठी बांधा. २५ ते ३० टक्के वजन उतरलं की वाळले. बाहेरून कडक आणि आत मऊ लागले तर साल फार लवकर सुकली, अशा वेळी एक-दोन दिवस बटर पेपरात गुंडाळून ठेवलं की ओलावा सारखा होतो. पांढऱ्या पिठासारखी बुरशी विनेगरच्या फडक्यानं पुसता येते. काळी, हिरवी किंवा लवदार दिसली तर माळ टाकून द्यायची.

हे वाळले तरी कच्चेच. केसिंग फोडून तुकडे कढईत, तेल न घालता, कपभर पाणी, उभा चिरलेला भरपूर कांदा, बटाट्याच्या फोडी, मंद आचेवर पाऊण तास. मीठ घालू नका, चोरिसातलंच मीठ कांद्या-बटाट्याला पुरतं. सोबत पोई, म्हणजे गोव्याचा पाव. उरलेल्या लाल तेलात तांदूळ परतून पुलाव करतात.

इटलीतल्या कॅलाब्रियाच्या स्पिलिंगा गावचं पावाला फासायचं मऊ सॉसेज, न्दुया, या यादीत नाही. ती शिजवत नाहीत, महिनोन्‌महिने मुरवतात, आणि त्याला १२ ते १५ अंश आणि सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रता सतत सांभाळणारं कपाट लागतं. तसं कपाट नसेल तर विकत घ्या.

पुढची फेरी मर्गेझची. सुमाकऐवजी वाळक्या आमसुलांची पूड, ३ ग्रॅमपासून. आगळ नको, त्यात पाणीही आहे आणि मीठही.