विडी कामगार बायकांवर जर्नलमधे शोधताय? आधी स्पेलिंग बदलून बघा

एमएला जेंडर स्टडीजमधला विषय घ्यायची वेळ आली की आपल्या सोलापूरच्या पूर्वभागातल्या, विडी घरकुलातल्या पोरी विचारतात, ताई, विडी कामगार बायकांवर करायचंय पण गुगलवर नुसत्या मोर्चाच्या बातम्या येतात, अभ्यासाचं काहीच मिळत नाही. मिळतं गं, भरपूर मिळतं, फक्त शोधायची पद्धत बदलायला लागते.

विडीचं इंग्रजी स्पेलिंग एक नाहीये. कुणी बी-आय-डी-आय लिहितं, कुणी डबल ई लावतं, बंगालवरच्या लेखांत डी च्या जागी आर असतो, म्हणून तिन्ही टाकायची आणि मधे कॅपिटलमधे ओआर लिहायचं. आपल्या गावाचं पण तेच, जुन्या लेखांत सोलापूर एस-एच-ओ नं सुरू होतं, आजचं स्पेलिंग टाकलं तर त्यातले कितीतरी समोर येतच नाहीत. तरी कमी सापडलं तर 'होम-बेस्ड वर्क' आणि 'वुमेन' टाका, कारण घरात बसून पान कातरणारी, विडी वळणारी बाई पुष्कळदा त्याच नावाखाली असते, शीर्षकात विडी नसतेच.

जेस्टोर म्हणजे जर्नल्सचा ऑनलाइन साठा, तिथं फुकट अकाउंट काढलं की महिन्याला 100 लेख ऑनलाइन वाचता येतात, ईपीडब्ल्यूचे, म्हणजे इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीचे, जुने अंक तिथं आहेत आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी. मग इंडियन जर्नल ऑफ जेंडर स्टडीज, दिल्लीच्या सेंटर फॉर वुमेन्स डेव्हलपमेंट स्टडीजचं, 1994 पासून निघतंय, सेज छापतं. सेज आता वन नेशन वन सबस्क्रिप्शनमधे आहे, ही योजना 2025 पासून सुरू झाली, सरकारी विद्यापीठं-कॉलेजांना 30 प्रकाशकांची जवळपास 13,000 जर्नल्स त्यातून मिळतात, तेव्हा तुमचं कॉलेज त्यात आहे का आणि घरून लॉगिन कसं करायचं हे ग्रंथपालांना सरळ जाऊन विचारा, लाजू नका.

शोधगंगेवर पीएचडीचे प्रबंध फुकट आहेत, मी तर प्रबंध उघडला की आधी शेवटची संदर्भसूची बघते, दुसऱ्या कुणीतरी वर्षानुवर्षं खपून केलेली वाट आयती मिळते.

हे सगळं वाचताना 1966 चा विडी-सिगार कामगार कायदा शेजारी ठेवा. 2025 मधे नव्या श्रम संहितेनं त्याची जागा घेतली, पण त्यात घरी काम करणारी पण कामगारच धरली होती, आणि लेखातली बाई कामगार म्हणून मोजली गेलीये की नाही हे तुम्हीच तपासा. मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो तुम्हीच विचारायला हवा कारण ज्यांच्या घराबद्दल हे लिहिलंय त्यांच्याच पोरींपर्यंत ते पोचत नाही.

मराठीतलं मात्र या डेटाबेसांत फार कमी आहे. 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाचे जुने अंक, युनियनची पत्रकं, त्यासाठी हिराचंद नेमचंद वाचनालयात चौकशी करा, युनियनच्या ऑफिसात जा. आणि ज्यांच्या घरी तेलुगू बोलतात त्यांनी आईची, आजीची मुलाखत तेलुगूतच घ्या, आधी परवानगी विचारा, रेकॉर्डिंगवर तारीख टाका, हजारी मजुरी, म्हणजे हजार विड्यांमागची, कुठल्या वर्षी किती होती आणि कारखान्यात किती विड्या खराब म्हणून बाजूला काढायचे ते नक्की विचारा.