शेपूट कापायची रीत

सरळसेवा भरतीच्या सराव प्रश्नपत्रिका सोडवायला घेतल्या की दोनचार पेपरांत एकदा तरी तो प्रश्न समोर येतोच: ०.५८३३३… ही संख्या व्यवहारी अपूर्णांकात लिहा. खाली चार पर्याय. मी बी.कॉम. झालेली, लग्नानंतर बरीच वर्षं वहीपेनापासून लांब गेलेली. अखंड आवर्ती दशांश म्हणजे ज्यात तेच अंक न संपता परत परत येतात, एवढं आठवत होतं, नववीत केलेली रीत मात्र पार पुसली गेली होती.

सांगलीत विश्रामबागेतल्या ज्या अभ्यासिकेत मी बसते, तिथल्या पोरांकडे यावर तयार मंत्र आहे. परत परत येणाऱ्या अंकांवर वहीत रेघ मारतात; ज्या अंकांवर रेघ आहे तेवढे नऊ लिहायचे, बिनरेघेचे जेवढे अंक तेवढी शून्यं त्यांच्यापुढे, हा झाला छेद. अंशात सगळ्या अंकांच्या संख्येतून बिनरेघेची संख्या वजा. म्हणजे ५८३ वजा ५८, आले ५२५. खाली ९००. दोन्हींना ७५ ने भागलं की ७/१२. "दहा सेकंदांचं काम आहे ताई," असं एका पोरानं सांगितलं, आणि ते खरंच आहे.

पण कारण कळल्याशिवाय पाठ केलेलं माझ्याकडे टिकत नाही. नऊच का? आठ का नाही? शून्यं नवाच्या आधी की नंतर? दोन दिवस दुसरा विषय केला की सगळं पुन्हा धूसर.

एकदा जेवणं झाल्यावर मी हेच घेऊन बसले होते. माझे वडील, अण्णा, मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. पट्ट्या, हुंडेकरी, अडत सगळं तोंडी. त्यांनी चष्मा वर करून उत्तर बघितलं.

"सात छेद बारा? म्हणजे सातबाराच निघाला की गं! कुणाच्या नावावर आहे?"

हसून झाल्यावर म्हणाले, "पण हे खाली नऊशे कुठनं आले ते सांग बघू."

मग मी मंत्र बाजूला ठेवला आणि लांबच्या रस्त्यानं गेले. संख्येला क्ष म्हटलं. क्ष ला १०० ने गुणलं तर ५८.३३३…, १००० ने गुणलं तर ५८३.३३३… आता या दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या की दिसतं: दशांशचिन्हानंतरची शेपूट दोन्हींना सारखीच, तिनांची, न संपणारी. मोठीतून लहान वजा केली की शेपटीतून शेपूट गेली. डावीकडे १००० क्ष वजा १०० क्ष म्हणजे ९०० क्ष, उजवीकडे ५८३ वजा ५८ म्हणजे ५२५. नऊशे आले ते हजारातून शंभर गेले म्हणून. नऊ कुणी ठेवलेला नाही, तो वजाबाकीत आपोआप पडतो: दहातून एक, शंभरातून एक, हजारातून दहा.

माझ्या मते सगळ्या रीतीत एवढंच समजायचं आहे. सारखी शेपूट असलेल्या दोन ओळी तयार करायच्या. आवर्ती भाग एक अंकी असेल तर एक घर सरकवा, दोन अंकी असेल तर दोन. आवर्ती भाग सुरू व्हायच्या आधी काही अंक असतील, तर पहिली ओळ तेवढी आधी सरकवून घ्या. २.१३६३६… घेतलं, तर १० क्ष म्हणजे २१.३६३६… आणि १००० क्ष म्हणजे २१३६.३६३६… वजाबाकी केली की ९९० क्ष बरोबर २११५, आणि ४५ ने भागून ४७/२२. पूर्णांकातला २ वेगळा काढून ठेवायची गरजच पडत नाही. मंत्र म्हणणाऱ्या पोरांची गाडी बरेचदा इथेच अडते, कारण मंत्रात दशांशचिन्हाच्या अलीकडच्या आकड्याचं काय करायचं ते नसतं.

अण्णांना हे पटलं, पण त्यांची तक्रार वेगळीच होती. "एक भागिले तीन संपत नाही म्हणे! आमच्या वेळी संपायचं."

मला आधी वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांचं शाळेतलं पहिलं गणित पावकी-निमकीचं आणि आणे-पैचं. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १९२ ला तिनानं भाग जातो: ६४ पै, म्हणजे ५ आणे ४ पै. तिघांत रुपया वाटला की हिशेब मिटला, एक पैही इकडची तिकडे नाही. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि तोच तिसरा हिस्सा ३३.३३३… पैसे होऊन बसला. वाटणी तीच, वाटेकरी तेच. शेपूट फुटली ती शंभरामुळे.

त्यावरून कुठल्या छेदाला शेपूट फुटते हे कोडं सुटलं. दहा म्हणजे २ गुणिले ५. अपूर्णांक संक्षिप्त करून घेतल्यावर छेदात फक्त २ आणि ५ हेच मूळ अवयव असतील तर दशांश खंडित, म्हणजे कुठेतरी थांबणारा. पाव, अर्धा, पाऊण, अष्टमांश म्हणूनच कधी त्रास देत नाहीत. छेदात ३, ७, ११ असं काही शिरलं की शेपूट आलीच. आणि शेपटीआधी किती अंक सुटे राहणार तेही छेदच सांगतो. १२ म्हणजे २ गुणिले २ गुणिले ३. दोन दोनदा आला, म्हणून ५ आणि ८ हे दोन अंक सुटे, मग तिनांची रांग. २२ मध्ये दोन एकदाच, म्हणून एकच सुटा अंक. २ आणि ५ दोन्ही असतील तर जो जास्त वेळा आलाय तो धरायचा. चार पर्यायांतले दोन तर नुसत्या छेदाकडे बघून कटतात, आणि पोरांच्या मंत्रापेक्षा मला हे जास्त कामाला आलं.

१/७ वर मात्र मी गरजेपेक्षा जास्त रमले, परीक्षेच्या दृष्टीनं वेळ वायाच. सातानं भागाकार करताना बाकी १ ते ६ याच असू शकतात, म्हणून जास्तीत जास्त सहा पायऱ्यांनी जुनी बाकी परत येणार आणि भागाकार फिरून त्याच वाटेला लागणार. इथे बाक्या येतात १, ३, २, ६, ४, ५, आणि परत १. उत्तर ०.१४२८५७१४२८५७… हीच १४२८५७ संख्या देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या संख्यांतली. तिचा वर्ग २०४०८१२२४४९, आणि त्याचे दोन तुकडे २०४०८ आणि १२२४४९ मिळवले की परत १४२८५७. १/१७ ची शेपूट तर सोळा अंकांची आहे. अण्णांच्या बारा आकडी कॅल्क्युलेटरवर ती पुरती दिसतच नाही, त्यामुळे पडद्यावर आवर्तन दिसलं नाही म्हणजे ते नाहीच, असं धरून चालू नये.

०.९९९… चं उत्तर १ येतं हे ऐकून अभ्यासिकेत वाद झाला. १० क्ष म्हणजे ९.९९९…, वजाबाकी केली की ९ क्ष बरोबर ९. "एकाच्या जवळ जातं, एक होत नाही," असं एकीचं म्हणणं. मी अण्णांचा रुपया पुढे केला: ०.३३३… चे तीन वाटे परत एकत्र केले तर रुपया पुरा व्हायला नको का? ती म्हणाली, परीक्षेत विचारत नाहीत ना, मग सोड.

परीक्षेला मिरजेचं केंद्र आलं. प्रश्न होता ०.१६६६… आणि ०.३८८८… यांच्या बेरजेचा. पहिला १/६, दुसरा ७/१८, बेरीज १०/१८ म्हणजे ५/९. नंतर लक्षात आलं की दशांश तसेच मिळवले तरी, हातचा नीट धरला तर, ०.५५५… येतात. पण या वाटेनं गेलं तर हातच्याचीच पंचाईत होते, ०.६६६… आणि ०.७७७… मिळवून बघा: शेवटचा अंकच नाही, तर हातचा धरायचा कुठून? प्रत्येक घरात १३ येतात आणि प्रत्येक घराला उजवीकडून एकाचा हातचा मिळतो, म्हणून बेरीज १.३३३… नसून १.४४४… होते. ६/९ आणि ७/९ लिहून मिळवलं की १३/९, आणि हातच्याचा प्रश्नच उरत नाही.