ॲलिस कोल्ट्रेनचं हार्प आणि भूप

आज दिवसभर अमेरिकन जाझ संगीतकार ॲलिस कोल्ट्रेन डोक्यात आहे. डेट्रॉइटच्या बॅप्टिस्ट चर्चमधली प्रार्थनागीतं, मग जाझ. १९६७ मध्ये नवरा, सॅक्सोफोनवादक जॉन, वारला आणि त्याने मागवलेलं हार्प (बोटांनी छेडायचं मोठं उभं तारवाद्य) त्याच्या मागे घरी आलं. त्या दुःखात तिला योगगुरू स्वामी सच्चिदानंद भेटले. १९७१च्या ‘जर्नी इन सच्चिदानंद’ या अल्बममध्ये तंबोरा, हार्प आणि जाझचा बास एकत्र येतात, तरी कुणी कुणाची नक्कल करत नाही. मला तिचं मोठेपण यातच वाटतं.

हार्पला ४७ तारा, ७ पेडल आणि प्रत्येक पेडलला तीन खाचा. एक पेडल हलवलं की त्या नावाच्या सगळ्या सप्तकांतल्या तारा एकदम अर्ध्या सुराने चढतात किंवा उतरतात. आता यावर भूप राग कसा लावायचा? म आणि नि वर्ज्य, पण तारा तर काढता येत नाहीत. म्हणून सा म्हणजे पाश्चात्त्य सी हा सूर धरून मच्या तारा अर्धा सूर उतरवून गला मिळवायच्या, निच्या चढवून साला. मग हात कुठूनही फिरवा, सा रे ग प ध एवढेच सूर वाजतात. पेडल खाचेत नीट बसलं नाही तर तार झणझणते. हवेतला दमटपणा बदलला की सगळ्या तारा पुन्हा लावाव्या लागतात.

तंबोऱ्याचं गणित वेगळं. प सा सा सा छेडत असताना चर्चच्या गाण्यासारखे कॉर्ड (एकदम वाजवलेले तीन-चार सूर) बदलायला गेलात तर पंचमाच्या कॉर्डमधला शुद्ध नि तंबोऱ्याच्या साला टोचतो. म्हणून तंबोरा असेल तिथे बासची एकच ओळ फिरती ठेवावी, कॉर्ड जवळपास हलवू नयेत. कॉर्ड हवेच असतील तर तंबोरा थांबवावा.

१९८३ मध्ये तिने कॅलिफोर्नियात आगोरा हिल्सजवळ आश्रम उभारला. तिथल्या भजनांत शब्द संस्कृत आहेत, पण टाळ्या आणि घोळक्याने दिलेलं उत्तर थेट डेट्रॉइटच्या चर्चचं. मला हीच ध्वनिमुद्रणं सर्वांत जवळची. इथे तिला दोन्ही घरं एकदम सापडलेली ऐकू येतात. सोबत ऑर्गन आणि ओबरहाइम कंपनीचा ओबी-८ सिंथेसायझर. हार्पवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, निघत नाही, सिंथवर सूर वाकवता येतो. हे करून पाहणाऱ्याने वाकवण्याची मर्यादा आधी एका पूर्ण सुरावर बांधावी. ती सप्तकभर मोकळी ठेवली तर हात जरासा हलताच सूर निसटतो आणि मींड गवसत नाही.