पांढरा चहा: फायदा कुठे, जपायचं कुठे

आपल्याकडे ‘पांढरा चहा’ म्हटलं की भरपूर दूध घातलेला चहा डोळ्यांसमोर येतो. इथे बोलतो आहोत ते व्हाइट टीबद्दल. झाड तेच, ज्यापासून रोजची चहापत्ती होते. न उमललेल्या कळ्या, फार तर त्यांच्यालगतची एक-दोन कोवळी पानं खुडायची, पसरून सुकवायची, वाळवायची. चुरडणं नाही. कळीवर बारीक पांढरी लव असते, तिच्यावरून हे नाव. मूळ गाव चीनच्या फुजियान प्रांतात, आता दार्जिलिंग आणि निलगिरीतही होतो. नुसत्या कळ्यांचा तो सिल्व्हर नीडल, पानांसकट तो व्हाइट पिओनी. दुसरा स्वस्त पडतो, रोजच्यासाठी तोच पुरे.

आपल्या सवयीने मांडला की हा चहा बिघडतो. गंजात पत्ती टाकून खळखळ उकळली की तुरट द्रव्यं भराभर उतरतात आणि नाजूक वास वाफेबरोबर जातो. पाणी 80 अंशांच्या आसपास हवं. त्यासाठी थर्मामीटर लागत नाही. तीन कप उकळत्या पाण्यात आधी उकळून गार केलेलं एक कप पाणी मिसळा, झालं. एका कपाला, म्हणजे 150 मिलीला, 2 ग्रॅम पत्ती. ही पत्ती फुगीर असते, सपाट चमच्यात वजन भरत नाही, म्हणून दोन भरगच्च चमचे घ्या. झाकण ठेवून 4 मिनिटं थांबा आणि गाळा. रंग वाळल्या गवतासारखा फिका पिवळाच येतो. रंग येत नाही म्हणून पत्ती पाण्यात तशीच ठेवली तर चहा कडू होणारच. तीच पत्ती दुसऱ्यांदा 5-6 मिनिटं ठेवून वापरता येते.

पाण्याची गोष्ट आपल्या भागात फार महत्त्वाची. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी वापरलं तर चहा गढूळ, बेचव होतो. पाणी जड असेल तर वर तवंगही धरतो. तिथे आरओचं पाणी घ्या. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. चहाचं झाडही जमिनीतलं फ्लोराइड पानांत साठवतं, मात्र जून पानांत जास्त आणि कळीत कमी. त्या बाबतीत पांढरा चहा बरा. पण पाण्यातलं फ्लोराइड उकळून जात नाही, हे विसरू नका.

आता फायदा. यात कॅटेचिन नावाची तुरट द्रव्यं भरपूर असतात. कर्करोग बरा होतो, पोट उतरतं असे जे दावे ऐकू येतात, ते बहुतेक प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांतून आलेले आहेत. त्यांच्या भरवशावर औषध सोडू नका. आमच्या मते खरा फायदा साखर कमी होण्याचा आहे. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला 32 ते 40 ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत आणि जमल्यास 25 ग्रॅमच्या आत ठेवा. यातले दोन कप बिनसाखरेच्या पांढऱ्या चहाचे झाले तरी निम्मी साखर गेली. त्यात गूळ घातला तर मात्र हिशेब पुन्हा तिथेच.

सगळ्यात जास्त जपायचं ते रक्त कमी असलेल्या बायांनी आणि पोरींनी. चहातली तुरट द्रव्यं डाळ, भाजी, भाकरीतल्या लोहाला धरून ठेवतात, मग ते अंगी लागत नाही. मटणातल्या लोहाला हा त्रास फारसा होत नाही, पण रोजचं ताट तर वरण-भाकरीचंच. म्हणून जेवणासोबत किंवा जेवण झाल्या झाल्या हा चहा नको, निदान एक-दीड तास जाऊ द्या. जेवताना भाजीवर लिंबू पिळा, लोह घ्यायला मदत होते. आशाताई देतात ती लोहाची गोळी चहाबरोबर कधीच घेऊ नका, पाण्यासोबत घ्या आणि चहा दोन तासांनी प्या. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्यांना उन्हाळ्यात भरपूर साधं पाणी लागतं, त्या पाण्याची जागा चहाला देऊ नका.

‘यात कॅफीन नसतंच’ हेही खरं नाही. कोवळ्या कळीत ते चांगलंच असतं. गरोदरपणी चहा-कॉफी मिळून दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं असतं, म्हणून एखादा कप पुरे. झोप उडत असेल त्याने दुपारनंतर घेऊ नये. रिकाम्या पोटी मळमळ होते त्याने आधी काहीतरी खावं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजची सवय लावू नका.

डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा घ्या. मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवला तर चहाला हळद-तिखटाचा वास लागतो. एप्रिल-मेमध्ये टिनाच्या छपराखाली तर ठेवूच नका. घरातली सगळ्यात गार, अंधारी जागा बघा आणि एका वेळी 50 ग्रॅमच्या वर आणू नका.