ऑस्ट्रेलियाचा कापूस, सोलापूरचा टॉवेल आणि एक प्रमाणपत्र

2023च्या पावसाळ्यात मेलबर्नच्या एका ग्राहकाने पहिली ऑर्डर पक्की केली. हॉटेलांना टॉवेल पुरवणारे हे गृहस्थ. मेलच्या शेवटी त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं की सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कोणत्या देशात तयार झाला याचं प्रमाणपत्र) मिळणार असेल तरच हा भाव, नाहीतर 5 टक्के कमी करा. ऑस्ट्रेलियात टॉवेलवर 5 टक्के आयात शुल्क लागायचं. भारताशी झालेल्या व्यापार करारामुळे ते शून्यावर आलं होतं, पण माल खरोखर भारतातलाच आहे हे कागदावर दाखवता आलं तरच. आमच्यासारख्या छोट्या कारखान्याला टॉवेलात 5 टक्के म्हणजे जवळपास सगळा नफाच.

त्याआधी या कराराकडे मी फक्त बातमी म्हणून पाहिलं होतं. दोन्ही देशांची बोलणी 2011 मध्ये सुरू झाली, मध्ये कित्येक वर्षं अडली, 2021 मध्ये पुन्हा मार्गी लागली. 2 एप्रिल 2022 रोजी दोन्ही देशांचे तेव्हाचे व्यापारमंत्री, आपले पीयूष गोयल आणि त्यांचे डॅन टेहान, यांनी सह्या केल्या. पुढच्याच महिन्यात ऑस्ट्रेलियात निवडणूक होऊन मॉरिसन यांचं सरकार गेलं. आता नवे लोक हे सगळं गुंडाळून ठेवतील असं मला वाटलं होतं. पण नवे पंतप्रधान अल्बनीजी यांच्या सरकारने तोच करार पुढे नेला, नोव्हेंबरमध्ये त्यांच्या संसदेने मंजुरी दिली आणि 29 डिसेंबर 2022पासून तो लागू झाला. लोकशाहीत सरकारं येतात-जातात, तरी देशाने दिलेला शब्द टिकला. याचं मोल मला तेव्हा कळलं नव्हतं, ऑर्डर हातात आल्यावर कळलं.

प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन असतो, डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा नंबर, आमच्याकडे होताच, डिजिटल सही करून घेतली. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि मालाचा प्रकार सांगणारा सहा आकडी एचएस कोड (सुती टेरी टॉवेलचा 6302.60) भरायला एक संध्याकाळ पुरली. खरं काम पुढच्या रकान्यात होतं : माल कोणत्या निकषावर भारतीय ठरतो?

मला वाटलं, यात काय विचारायचं? सूत गिरणीतून येतं, माग सोलापुरात, रंगाई-धुलाई इथलीच, शिलाई इथलीच. पण आमच्या सीएचएंनी (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटांनी) विचारलं, "सुतातला कापूस कुठला?" त्यांनी असं विचारल्यावर मी गिरणीला फोन लावला. तिथले मॅनेजर सरळ माणूस. म्हणाले, "साहेब, तुम्ही मऊ पाइल (टॉवेलवरचे धाग्यांचे फास) मागितली म्हणून कोंब्ड, म्हणजे विंचरलेल्या, सुतात थोडा बाहेरचा कापूस मिसळलाय. ऑस्ट्रेलियाचा."

पोटात गोळा आला. धागा विणून झाला होता, निम्मा माल धुलाईतून परत आलेला. आता हा टॉवेल भारतीय नाहीच असं ठरलं तर? दोन रात्री नीट झोप लागली नाही.

सुटका करारातच लिहिलेली होती, मी वाचली नव्हती एवढंच. एका देशात उत्पत्ती असलेला माल दुसऱ्या देशात कच्चा माल म्हणून वापरला, तर तो त्या दुसऱ्या देशाचाच धरला जातो. याला क्युम्युलेशन म्हणतात. म्हणजे या कराराच्या हिशेबात ऑस्ट्रेलियाचा कापूस सोलापूरच्या मागावर परका राहत नाही. हाच कापूस दुसऱ्या एखाद्या देशातून आला असता तर गणित वेगळं झालं असतं. आणि गिरणीला तो परवडला तोही याच करारामुळे, कारण भारताने वर्षाला 51,000 टन ऑस्ट्रेलियन कापूस शुल्काशिवाय येऊ द्यायचं मान्य केलं आहे. कापूस समुद्र ओलांडून इकडे आला, सूत झाला, टॉवेल झाला आणि परत तिकडेच निघाला. हे लक्षात आलं त्या दिवशी मी मागांच्या आवाजात बराच वेळ नुसता उभा होतो.

पण कलम आहे म्हणून काम होत नाही, पुरावा लागतो. मॅनेजरांनी जुनी फाइल उघडून त्या गाठींसोबत आलेलं ऑस्ट्रेलियाचं प्रमाणपत्र शोधलं आणि कोणत्या लॉटमधून आमचं सूत कातलं ते लेटरहेडवर लिहून सही-शिक्क्यानिशी दिलं. रंगाईवाल्यांकडून बिलं घेतली. किलोमागे सूत किती, रंग किती, मजुरी किती, याचा तक्ता मी आणि माझ्या बायकोने मिळून केला. हिशेबात ती माझ्यापेक्षा पक्की. तरी अर्ज एकदा परत आला, कारण इन्व्हॉइसवर "टॉवेल्स" होतं आणि तक्त्यात "टेरी टॉवेल्स". दुरुस्त करून पाठवल्यावर मंजूर झाला. नव्याने करणाऱ्यांना एवढंच सांगेन : सगळ्या कागदांवर मालाचं वर्णन अक्षरन् अक्षर एकच ठेवा आणि गिरणीला सुताची ऑर्डर देतानाच कापूस कुठला ते लिहून मागा. माल विणल्यावर विचारू नका.

पॅकिंगचं थोडक्यात. ऑस्ट्रेलिया कीड आणि मातीच्या बाबतीत फार कडक आहे. पेंढा चालत नाही. लाकडी पॅलेटला 56 अंशांवर 30 मिनिटं उष्णता दिलेली हवी आणि त्यावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, "आयएन" (भारत) आणि "एचटी" (उष्णता दिलेली) असा डागलेला शिक्का हवा. आमच्या एका पॅलेटवरचा शिक्का पुसट होता. पोरांनी मोबाइलच्या उजेडात तो वाचायचा प्रयत्न केला, मग मी ते पॅलेटच बदलायला लावलं. वेगळं पॅकिंग डिक्लरेशनही द्यावं लागतं, तेही विसरू नका.

न्हावाशेवाहून कंटेनर निघाला आणि जवळपास महिन्याने मेलबर्नला पोचला. ग्राहकाने त्यांच्या कस्टम्सच्या कागदाचा फोटो पाठवला. शुल्काच्या रकान्यात 0.00 होतं. मी तो फोटो तसाच गिरणीच्या मॅनेजरांना पाठवला.

दुसऱ्या ऑर्डरसाठी सूत आलं तेव्हा पहिल्याच बाचक्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती : लॉट नंबर, कापूस कुठला, आणि खाली त्यांची सही.