प्रचार, लॉबिंग आणि शिक्षणसंस्थेचा पैसा

अमेरिकेतील करमुक्त शिक्षणसंस्थांनी राजकारणाचे नावही काढू नये, हा समज मला चुकीचा आणि काहीसा सोयीचाही वाटतो. १९५४ मध्ये करकायद्यातील जॉन्सन दुरुस्तीने कलम ५०१(सी)(३) खालील, म्हणजे करमुक्त धर्मादाय व शैक्षणिक, संस्थांना उमेदवाराच्या बाजूने वा विरोधात प्रचार करण्यास पूर्ण मनाई केली. प्रस्तावित कायद्यासाठी लोकप्रतिनिधींकडे आग्रह धरणे, म्हणजे लॉबिंग, हा मात्र वेगळा विषय असून ते मर्यादेत चालते.

ही मर्यादा किती, हेच खरे दुखणे आहे, कारण मूळ नियम लॉबिंग हा कामाचा ‘लक्षणीय भाग’ नसावा एवढेच मोघम सांगतो. १९७६ मध्ये करकायद्यात आलेल्या कलम ५०१(एच) या पर्यायात मोजमाप स्पष्ट आहे: उद्दिष्टांवरील खर्चापैकी पहिल्या ५ लाख डॉलरच्या २० टक्क्यांपर्यंत, पुढे उतरत्या दराने, आणि एकूण कमाल १० लाख डॉलर. जनतेला आवाहन करून घडवलेल्या लॉबिंगवर यातला जास्तीत जास्त चौथा हिस्साच खर्च करता येतो. हा पर्याय निवडायला एक छोटासा अर्ज पुरतो. तरीही अनेक संस्था भीतीपोटी गप्प राहणेच पसंत करतात, याचे मला नवल वाटते.

सरकारी अनुदान मिळाले की गणित बदलते. संघराज्याच्या अनुदानातील पैसा लॉबिंगवर खर्च करता येत नाही; ते काम खासगी देणग्यांतून करावे लागते आणि कर्मचाऱ्यांच्या वेळेचा हिशेबही वेगळा ठेवावा लागतो. उलट, एखाद्या धोरणाचा निःपक्ष अभ्यास प्रसिद्ध करणे करकायद्याच्या दृष्टीने लॉबिंग ठरतच नाही, आणि शिक्षणसंस्थांचा खरा अधिकार तिथेच आहे.